पुरे सांगणारा पाना

मी टॉर्क पाना बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. तुमच्या स्कूटरच्या डिकीत जो पाना गंजत पडलेला असतो, त्याच्याच जातीचा मी. फरक एवढाच, की त्याला फक्त घट्ट करता येतं आणि मला थांबवताही येतं. माझ्या मुठीवर आकडे कोरलेले आहेत. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा, मला नटावर बसवायचं आणि सावकाश ओढायचं. तेवढा जोर झाला की माझ्या मानेत ‘टक्’ असा आवाज होतो. त्याचा अर्थ एकच : पुरे.

पण पुरे हा शब्द आपल्याकडे ऐकतो कोण? पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोच. नटांचंही तसंच चालतं. टक् झाल्यावर ‘असू दे अजून थोडं’ म्हणून वर एक हिसका देणारेच जास्त.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक जाड स्प्रिंग बसवली गेली. ती जेवढी आवळाल तेवढा माझा ‘पुरे’ उशिरा येतो. मग मला एका यंत्रात अडकवून पुन्हा पुन्हा ओढलं. माझं टक् आणि यंत्राचा काटा जुळला, तेव्हाच मला माझी लाल डबी मिळाली. जन्मल्याबरोबर खरं बोलण्याची परीक्षा द्यावी लागणारी मंडळी जगात फार नसतील.

तिथून मी पुण्यात, नाना पेठेतल्या करीमभाईंच्या दुकानात आलो. आजूबाजूला क्लचच्या प्लेटा, ब्रेकचे लायनर, हॉर्न. ते सगळे पटापट विकले जात. मी काचेमागे धूळ खात होतो. एके दिवशी पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी आली आणि तिनं थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

“कुठल्या गॅरेजसाठी?” करीमभाईंनी विचारलं.

“घरच्या व्हॅनसाठी.”

“घरी?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बघा हं. लोक हौसेनं नेतात आणि महिन्याभरात यानं भिंतीत खिळे ठोकतात.”

“मी हातोडीही घेऊन जाते. म्हणजे तुमची काळजी मिटेल,” ती म्हणाली.

करीमभाई हसले आणि मला फडक्यानं पुसून तिच्या हातात दिलं. ती मुलगी म्हणजे अपेक्षा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. चाकणच्या एका कारखान्यात इंटर्नशिप करताना तिनं पाहिलं होतं, की गाडीचा महत्त्वाचा एकही बोल्ट तिथं अंदाजानं लागत नाही. हीच गाडी एकदा घरी गेली की मात्र सगळा कारभार मनगटावर सोडलेला. हे तिला सहनच होत नसे. तिला तशाही पुष्कळ गोष्टी सहन होत नसत.

येरवड्यात, दोन खोल्यांच्या घरात ती आई-वडिलांबरोबर राहत होती. वडील कोंडीराम मूळचे विदर्भातल्या आर्वीकडचे. कामासाठी पुण्यात आले, आधी कारखान्यात राबले आणि मग शाळेच्या मुलांची व्हॅन चालवू लागले. बोलणं मात्र त्यांनी आर्वीचंच ठेवलं. आई वेणूबाईंनीही.

पहिले काही आठवडे माझे मजेत गेले. अपेक्षानं व्हॅनचे स्पार्क प्लग बदलले आणि मला लावलं. बरोबर केलं. प्लग सैल राहिला तर इंजिनाचा दाब निसटतो आणि फार आवळला तर आतले आटे जातात. इंजिन ऑइलच्या तळच्या बोल्टलाही मला लावलं. तेही बरोबर. मग तिला माझं वेडच लागलं आणि ती मला घेऊन नंबर प्लेटच्या स्क्रूकडे वळली.

माझा सगळ्यांत लहान आकडाही त्या बिचाऱ्या स्क्रूला भारी होता. मी टक् म्हणायच्या आतच प्लेटचा कोपरा तुटून खाली पडला.

वेणूबाई दारात भाजी निवडत होत्या. “आता कणीक मळतानीबी आकडा लावत जाय,” त्या म्हणाल्या. “किती दाबू ते मलेबी समजन.”

अपेक्षा ओशाळली. पण शिकली. जिथं बोल्ट निसटला तर जीव जाईल किंवा इंजिन जाईल, तिथं मला वापरायचं : चाकं, ब्रेक, इंजिन. बाकी ठिकाणी साधा पाना आणि आपला हात पुरतो. आणि एक नियम तिनं वडिलांकडून अक्षरशः घोकून घेतला.

“बाबा, हा घट्ट करायला आहे. सोडवायला नाही. अडकलेला नट यानं सोडवला तर याची स्प्रिंग बिघडते. मग हा खोटं सांगायला लागतो.”

“समजलं ना बाप्पा. घट्ट कराले. सोडवाले नाई.”

वाद होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. कोंडीराम चाकाचे नट नेहमी एल आकाराच्या पान्यानं लावत आणि शेवटी त्या पान्यावर एक पाय देऊन उभे राहत. सगळा देह तोलून. “लेकरं बसतेत गाडीत,” ते म्हणत. “इतकी वर्सं झाले, एकबी चाक निघालं नाई.”

“निघालं नाही, पण आतला बोल्ट ताणला जातो ना!” अपेक्षा सांगे. चाक नटानं धरून ठेवलेलं असतं हे अर्धंच खरं आहे. नट आवळला की आतला बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच चाकाला धरून ठेवतो. मर्यादेत ताणलेला बोल्ट आपल्या जागी परत येतो. मर्यादेपलीकडे ताणलेला कधीच येत नाही. कोंडीराम हे ऐकून घेत. ऐकून घेणं आणि ऐकणं यांत पुष्कळ अंतर असतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. कोंडीरामांनी पहाटेपासून व्हॅन धुतली, चारही चाकं उतरवून आतून घासली आणि चाकांच्या प्रत्येक बोल्टला प्रेमानं तेल लावलं. लोखंडाचा मान तेलानं करायचा, ही त्यांची गावाकडची रीत. पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून अपेक्षानं घाईघाईनं चाकं चढवली. एकेक नट समोरासमोरचा घेत, सावकाश ओढत माझं टक् ऐकून थांबली. कंपनीच्या पुस्तकातला पंच्याऐंशीचा आकडा कोरड्या आट्यांचा आहे, हे घाईत तिच्या डोक्यातून निसटलं. तेल लावलेल्या आट्यांवर नट सुळकन पुढे सरकतो आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणजे माझं टक् त्या दिवशी आकड्याला धरून होतं आणि बोल्टला मात्र जड होतं.

मला हळदकुंकू लागलं. झेंडूचं फूल मिळालं. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गाडीला हार घालण्याआधी कोंडीराम हळूच बाहेर आले. त्यांनी एल पाना काढला आणि प्रत्येक नटावर उभे राहिले. आधीच तेल, त्यावर पाय. नट आपापल्या खाचेत रुतून बसले. “आता माह्या मनाले बरं वाटते,” ते पुटपुटले.

यात वाईट हेतू कुठंच नव्हता. म्हणूनच मला त्रास होतो. दुष्टपणाशी भांडता येतं. मायेनं केलेल्या जादा जोराशी कसं भांडायचं?

अपेक्षानं मला व्हॅनच्या मागच्या सीटखाली ठेवलं. वाटेत चाक बदलावं लागलं तर नवं चाक माझ्यानं आवळावं, म्हणून.

हिवाळा सरता सरता शिष्यवृत्तीची परीक्षा आली. रविवार होता. केंद्र सदाशिव पेठेतल्या एका शाळेत. येरवड्यातली मुलं कोंडीरामांच्या व्हॅनमध्ये कोंबून बसली होती. मांडीवर पॅड, पॅडवर पेन्सिली. बरोबर मोठं माणूस हवं म्हणून गंधार नावाच्या मुलाची आत्या, मंदाकिनीताई, पुढे बसल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलण्यात तिखट.

संगमवाडीच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं.

कोंडीराम उतरले. स्टेपनी काढली, एल पाना नटावर लावला. नट हलेना. ते पान्यावर उभे राहिले. नट हलेना. त्यांनी उडी मारली तेव्हा पाना निसटला आणि ते गुडघ्यावर पडले. नटाचे कोपरे झिजायला लागले होते.

“अहो कोंडीराम,” मंदाकिनीताई खिडकीतून म्हणाल्या, “चाक काढताय की त्याची समजूत घालताय?”

“निघून राह्यलं ताई, निघून राह्यलं.”

“मला काही घाई नाही. माझी परीक्षा होऊन बरीच वर्षं झाली. पण यांची आहे.”

त्यांनी मोबाईलवर गाड्या शोधल्या. रविवारी सकाळी त्या बाजूला लवकर येणारी एकही नव्हती. रिक्षा जात होत्या त्या भरलेल्या. मागच्या सीटवर एक मुलगी मुसमुसू लागली. गंधार तिला म्हणाला, “रडू नकोस, पेपर भिजेल.” पेपर तर अजून मिळालाच नव्हता, पण ती खरंच गप्प झाली.

कोंडीरामांनी मागचं दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. माझा दांडा एल पान्याच्या दुप्पट लांब होता. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या ओठांवर मुलीचे शब्द होते, मला दिसले : घट्ट कराले, सोडवाले नाई. मग त्यांनी व्हॅनमधल्या मुलांकडे पाहिलं आणि मला नटावर चढवलं. त्यांच्या जागी तुम्ही असता तरी हेच केलं असतंत. मी असतो तरी हेच केलं असतं.

त्यांनी सगळं वजन माझ्यावर टाकलं. माझ्या मानेत कळ गेली. मी ओरडायला बनलेलोच नाही, मला फक्त टक् करता येतं, आणि त्या जोरापुढे तेही जमेना. पोटातली स्प्रिंग कधी नव्हे इतकी दबली. मग नट मोठ्यानं किंचाळला आणि सुटला. मग दुसरा. मग उरलेले. शेवटच्या नटाच्या वेळी माझ्या आत काहीतरी सरकलं आणि परत जागेवर आलंच नाही.

नवं चाक चढलं. कोंडीरामांनी माझ्यावर पंच्याऐंशीचा आकडा लावला आणि ओढलं. मी टक् म्हणालो. फार लवकर म्हणालो. नट अजून हाताला सैल लागत होता. कोंडीरामांनी भुवया उंचावल्या, पुन्हा ओढलं. पुन्हा लवकरच टक्. त्यांनी मला बाजूला ठेवलं, एल पाना घेतला आणि सवयीप्रमाणे त्यावर उभे राहिले. त्या दिवशी त्या सवयीनंच चाक जागेवर राहिलं.

मुलं फाटक बंद होता होता आत शिरली. मंदाकिनीताई उतरताना म्हणाल्या, “कोंडीराम, पुढच्या वर्षी परीक्षेला चाकांनाही बसवा. पण पोचवलंत हो. उपकार झाले.” हे शेवटचं त्या अगदी हळू म्हणाल्या.

घरी आल्यावर कोंडीरामांनी मला स्वच्छ पुसलं, मूठ उलटी फिरवून आकडा खाली आणला, लाल डबीत ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

माझी अवस्था बघा. बाहेरून मी तसाच होतो, चकचकीत. आवाजही तोच, खणखणीत. फक्त तो आवाज खोटा होता. ज्यांना माझं ऐकायचं नव्हतं त्यांना माझ्यापासून धोका नव्हता. धोका होता तो फक्त माझं ऐकून थांबणाऱ्यांना. आणि असं माणूस त्या घरात एकच होतं.

अपेक्षाच्या डोक्यात तेव्हा नवी कल्पना शिजत होती. येरवड्यातल्या सगळ्या शाळेच्या व्हॅनची चाकं रविवारी मैदानात तपासायची. फुकट. ती घरोघर फिरली, चालकांना भेटली, भांडली. “आपल्याकडे चाक निघून पडल्यावर चौकशी होते,” ती म्हणे, “आधी का नाही?”

अखेर एका रविवारी मैदानात व्हॅनची रांग लागली. पहिली गाडी शहेजादभाईंची. ते कोंडीरामांचे मित्र, वयानं लहान, जिभेनं मोकळे.

“अपेक्षा मॅडम,” ते म्हणाले, “चाकांना मार्क देणार की नुसतं पास-नापास?”

“तुमच्या चाकांना ग्रेस मार्क लागतील, शहेजादभाई.”

तिनं साध्या लांब दांड्याच्या पान्यानं नट सैल केले. मग मला काढलं, आकडा लावला, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि ओढलं. मी टक् म्हणालो.

“बघा. एवढंच.”

“एवढंच?” शहेजादभाई वाकून बघू लागले. “याच्यापेक्षा घट्ट तर माझी बायको लोणच्याच्या बरणीचं झाकण लावते.”

सगळे हसले. अपेक्षाही हसली. “हीच सवय मोडायची आहे. पाना थांब म्हणाला की थांबायचं. विश्वास ठेवायचा.”

विश्वास हा शब्द तिनं माझ्या बाबतीत उच्चारला आणि मला त्या नटावरून गळून पडावंसं वाटलं. ती दुसऱ्या नटावर गेली. टक्. तिसऱ्यावर. कोंडीराम चहाचे ग्लास घेऊन रांगेकडे येत होते. प्रत्येक टक्‌ला त्यांची पावलं हळू होत गेली. समोर त्यांचे सगळे सोबती होते आणि त्यांच्यासमोर त्यांची पोर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिकवत होती. ते काही न बोलते तर तिचा दिवस साजरा झाला असता. आणि सोमवारी सकाळी शहेजादभाईंची व्हॅन सैल चाकावर मुलांना घेऊन निघाली असती.

“अपेक्षा, थांब,” ते म्हणाले.

“बाबा, आता मध्ये नको ना.”

“थांब म्हणतो ना! खोटं बोलून राह्यला तो पाना.”

अपेक्षानं माझ्यावरचा हात काढला.

“म्हणजे?”

“मी त्यानं नट सोडवले. परीक्षेच्या दिवशी. लय अडकले होते. तवापासून तो लवकर वाजते. मले हाताले समजलं होतं.”

“परीक्षेच्या दिवशी?” तिचा आवाज चढला. “आणि आज सांगताय?”

“तुले वाईट वाटन म्हणून नाई बोललो. पाना तर घरीच होता. वाटलं, माझ्या गाडीवर तर मी पाय देतोच.” त्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. “आन् नट अडकले तेबी माझ्यानंच. दसऱ्याले तू लावल्यावर मी उभा राह्यलो होतो त्याइवर.”

“बाबा, चाक निघालं असतं यांचं!”

“म्हणूनच बोललो ना बेटा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं चिडून मला डबीत टाकलं, झाकण लावलं, परत उघडलं. तिला रडू येत होतं, आणि एवढ्या लोकांत ते येऊ नये म्हणून ती डबीची कडी उगाचच उघडझाप करत होती.

शहेजादभाईंनी घसा खाकरला. “मग आज आमच्या पद्धतीनं लावून जाऊ का, मॅडम? पायानं?”

हे उत्तर देणं तिला किती जड गेलं असेल! “लावा,” ती म्हणाली. “आज लावा. पण नुसतं दाबा. उड्या मारू नका.”

घरी आल्यावर दिवसभर ती वडिलांशी बोलली नाही. संध्याकाळी कोंडीरामच तिच्यापुढे येऊन उभे राहिले. “हा पाना जिथं तपासतेत तिथं मले ने. काय झालं ते तेइले मीच सांगतो.”

भोसरीत एक छोटी प्रयोगशाळा आहे, जिथं मापाच्या हत्यारांचं माप घेतात. तिथले दत्तप्रसाद यांनी मला यंत्रात अडकवलं. मला जन्माच्या वेळचं यंत्र आठवलं, पण या वेळी काटा आणि मी जुळलो नाही. कितीदा ओढलं तरी नाही, आणि प्रत्येक वेळी चूक वेगळीच.

“याच्यावर काय केलंत तुम्ही?” दत्तप्रसादांनी विचारलं.

“सगळा मीच उभा होतो याच्यावर,” कोंडीराम म्हणाले.

दत्तप्रसादांनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग यानं बरंच सोसलं म्हणायचं. स्प्रिंग बदलून देतो. पण मान वाकली आहे, त्यामुळे हा खरं सांगेल असं मी लिहून देणार नाही.”

अपेक्षानं थोडा विचार केला. “मग स्प्रिंग नको,” ती म्हणाली.

तिनं मला घरी आणलं आणि स्वतःच्या हातानं उघडलं. स्प्रिंग काढली. आत एक लोखंडी गज बसवला, वेल्डिंगवाल्याकडून मान पक्की करून घेतली आणि मुठीवरचे आकडे कानशीनं घासून टाकले. कोंडीराम शेजारी बसून मला घट्ट धरून होते. “दुखते काय त्याले?” त्यांनी विचारलं. “बाबा, प्लीज,” ती म्हणाली. पण कित्येक दिवसांनी ती हसली.

आता मला टक् करता येत नाही. मी व्हॅनमध्ये सीटखालीच असतो आणि अडकलेले नट सोडवतो. ज्या कामानं मी मोडलो तेच काम आता मला दिलंय आणि मी ते चांगलं करतो. चालकांनी मिळून एक नवा टॉर्क पाना आणलाय. मैदानात रविवारी गाड्या पुन्हा लागतात, सगळ्यांच्या नाही. अजून काही जण म्हणतात, पोरीचा पाना बिघडला तेव्हा काय झालं पाहिलं ना? अपेक्षाला या लोकांचा संताप येतो. मला ते चूक वाटत नाहीत. एकदा खोटं ऐकलेल्या कानांना वेळ द्यावा लागतो.

माझं मागणं फार थोडं आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल तर त्याला काम द्या, डबीत कुजवू नका. तो टक् म्हणाला की हात थांबवा. आणि कधी नाइलाजानं तुम्ही त्याच्यावर उभे राहिलात, तर लाजू नका. पण पुढच्या माणसाच्या हातात तो देण्याआधी तेवढं सांगा. आम्हाला स्वतःबद्दल सांगता येत नाही हो. ते तुम्हालाच करावं लागतं.

रस्त्यापलीकडे कुणाची तरी व्हॅन जॅकवर चढलेली दिसतेय आणि कोंडीराम माझ्या दिशेनं येतायत. तिथला नट चांगलाच रुतलेला असणार. निघतो मी.